अप्पांनी गाडी काढली

बायकोला शाळेत गाडीने सोडायचं, एवढंच अप्पांनी ठरवलं होतं. यात डोकं फिरण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण अप्पांचा राग कारणाची वाट बघत थांबत नसे. (हेडक्लार्क असताना ते ऑफिसातल्या स्टेपलरवरसुद्धा खेकसत.)

त्या दिवशी बाई, म्हणजे अप्पांची बायको, शाळेतून निवृत्त होणार होत्या. एकतीस वर्षांत त्यांना एकदाही उशीर झालेला नव्हता. अंगात ताप असो नाहीतर बस बंद असो, आठच्या घंटेला बाई शाळेत हजर. आणि लग्न झाल्यापासून अप्पा म्हणत आले होते, "एक दिवस तुला मोठ्या गाडीतून शाळेच्या दारात उतरवतो की नाही बघ!" आता त्यासाठी एकच दिवस उरला होता. म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी एका दातांच्या डॉक्टरांकडून चोवीस वर्षांची आलिशान गाडी घेतली. रंग काळाभोर, आत लाकडी पट्ट्या, सीटना खरं कातडं, आणि गिअर ऑटोमॅटिक. त्याआधी अठ्ठावीस वर्षं अप्पांनी हाताने गिअर टाकायची एक छोटी डबडी चालवली होती.

सव्वासातला बाई ठेवणीतले कपडे घालून मागच्या सीटवर बसल्या. अप्पांनी ऐटीत किल्ली फिरवली. समोरचे झाडून सगळे दिवे लागले, पण इंजिनने हूं की चूं केलं नाही.

"काय झालं हो?"

"काही झालेलं नाही. मोठ्या गाड्यांना जरा वेळ लागतो."

पाच वेळा किल्ली फिरवून झाली. अप्पा खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. महिनाभर रोज जेवताना त्यांनी मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले होते. (पाहिलेल्या व्हिडिओंनी माणसाचं जेवढं नुकसान होतं तेवढं न पाहिलेल्यांनी होत नाही.) त्यांनी बॅटरीची टोकं पॉलिशपेपरने घासली. सगळे फ्यूज उपटले आणि आठवतील तसे परत खोचले. मग पान्याने स्टार्टरला दोन ठोसे हाणले, त्यातला दुसरा निव्वळ रागाचा होता.

"पेट्रोल आहे ना?" शेजारचे वकील फाटकावर रेलून म्हणाले.

"नाही! पाणी घातलंय!" अप्पा ओरडले.

शेवटी त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

"दिवे लागतात ना साहेब?" मेकॅनिकने शांतपणे विचारलं. त्याच्या शांतपणाने अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आधी गिअर कशात आहे ते बघा."

"गिअरमध्ये काय बघायचंय? घर उतारावर आहे. उतारावर गाडी गिअरमध्येच टाकून ठेवायची असते! महिनाभर गॅरेजात होती, काल आजसाठी बाहेर काढली, हँडब्रेक ओढला आणि रिव्हर्स टाकलाय मी. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवतोय, मला शिकवू नकोस!"

"अहो साहेब, तेच तर—"

"ते तर नि हे तर! मुकाट्याने इकडे ये!" अप्पांनी फोन बंद केला.

इतका वेळ बाई घड्याळाकडे बघत होत्या. आता त्या दार उघडून उतरल्या. त्यांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"एकतीस वर्षं मी बसने गेले! कुणाच्या गाडीचे उपकार घेतले नाहीत! आज, आजच्या दिवशी, तुमच्या हौसेपायी माझ्या नावाला बट्टा लागला, तर ही गाडी घरात ठेवा आणि तुम्ही गॅरेजमध्ये राहा!"

"अगं, दोन मिनिटं—"

पण बाई पर्स छातीशी धरून उतारावरून पळतच सुटल्या. सात चाळीसची बस कोपऱ्यावर वळताना दिसत होती. ती त्यांना मिळाली की नाही, ते अप्पांना दिसलं नाही.

मेकॅनिक आठला पाच कमी असताना आला. तो गाडीत बसला, गिअरचा दांडा पुढे सरकवून पार्किंगला आणला आणि किल्ली फिरवली. इंजिन गुणगुणायला लागलं.

"ऑटोमॅटिकला उतारावरसुद्धा पार्किंगलाच ठेवायचं असतं, साहेब. रिव्हर्समध्ये स्टार्टर चालूच होत नाही."

"मग काल किल्ली निघाली कशी?"

"जुन्या गाड्यांत ते लॉक झिजतं."

"आणि हे फोनवर सांगता येत नव्हतं?"

"सांगतच होतो, साहेब. तुम्ही फोन बंद केलात." आता ओरडायला कुणी उरलं नव्हतं. राग यावा असा एकच माणूस तिथे होता आणि तो अप्पाच होते. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली. ज्या एका गोष्टीला बाई आयुष्यभर जपत आल्या, तीच आपण शेवटच्या दिवशी मातीत घालतोय, या विचाराने त्यांनी मेकॅनिकला बाजूला सारलं आणि गाडी काढली.

आठ वाजून बारा मिनिटांनी ती काळी गाडी डौलात शाळेसमोर उभी राहिली. फाटक बंद होतं.

"बाई पोचल्या का वेळेवर?" अप्पांनी घाईघाईने उतरून वॉचमनला विचारलं.

"धावत आल्या. घंटेला एक मिनिट होतं."

अप्पांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी वॉचमनचा हातच धरला. वॉचमनने तो सोडवून घेतला.

"आठनंतर आलेल्यांनी तिकडे रांगेत उभं राहायचं. बाईंचा नियम आहे."

"अरे, मी बाईंचा नवरा!"

"नियमात तसं काही लिहिलेलं नाही."

अप्पा काळ्या पडलेल्या हातांनी मुलांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात बाई आल्या. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. एकेका मुलाला दटावत त्या अप्पांसमोर येऊन थांबल्या.

"उशीर का झाला?"

"गाडी... म्हणजे... गिअर..."

"गाडीची कारणं सांगायची नाहीत. घरून वेळेवर निघायचं." बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "हात धू आधी. आणि उद्या येताना पालकांना घेऊन ये."

"हो, बाई," अप्पा म्हणाले.