शेवटचं घोरणं वगळून

द्वेषाविरुद्ध विनोदी सिनेमा काढायचा असं दिग्दर्शकाने ठरवलं, तेव्हा पहिलीच अडचण अशी आली की द्वेष कोणाचा दाखवायचा? खऱ्याखुऱ्या समाजाचं नाव घेतलं तर तो दुखावणार, आणि त्याचा द्वेष करणारे त्याहून जास्त दुखावणार, कारण त्यांच्या भावना फार नाजूक असतात. बराच खल करून त्याने घोरणारे निवडले. त्यांची संघटना नाही, झेंडा नाही, आणि मुख्य म्हणजे ‘मी घोरतो’ असं कबूल करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

कथा सरळ होती. एका देशात एक पुढारी उगवतो आणि आपल्या सगळ्या हालांना घोरणारेच जबाबदार आहेत असं सांगतो. ‘तुम्ही राबता आणि ते घोरतात!’ अशी आरोळी ठोकतो. लोक पेटतात, एकमेकांच्या भिंतींना कान लावतात. शेवटच्या दृश्यात भर सभेत स्वागताचं भाषण लांबतं, व्यासपीठावर पुढाऱ्याचा डोळा लागतो आणि समोरच्या माइकमधून त्याचं घोरणं साऱ्या मैदानाला ऐकू येतं. या एका घोरण्यासाठी दिग्दर्शकाने अख्खा सिनेमा रचला होता.

परीक्षण मंडळाला सिनेमा आवडला. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, “पुढारी अगदी तडफदार हं! फक्त ते शेवटचं घोरणं काढा.”

“साहेब, सगळा विनोदच तिथे आहे.”

“विनोद राहू द्या की. घोरणं काढा.”

“पण तो घोरला नाही, तर त्याचं म्हणणं खरं वाटेल लोकांना!”

“मग बरंच झालं, पदाची शान राहील. हे बघा, पदावरचा माणूस झोपत नसतो, तो चिंतन करतो. मंडळाची हरकत द्वेषाला नाही, घोरण्याला आहे.”

सिनेमाचा संकलक दिग्दर्शकाचा जुना मित्र. सडाफटिंग माणूस, त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा आणि संकलनही घरच्याच खोलीत करायचा. तो म्हणाला, “डब्यात पडू दे सिनेमा, पण हे कापायला लावू नकोस.”

“अरे, प्रेक्षक सुज्ञ आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “त्याला बरोबर कळेल.”

संकलकाने मुकाट्याने कापलं.

सिनेमा धो धो चालला. पहिल्या आठवड्यात लोक हसले, दुसऱ्यात टाळ्या पडल्या, तिसऱ्यात प्रेक्षक उठून उभे राहू लागले. अशाच एका खेळाला मागच्या रांगेत दिग्दर्शक कान टवकारून बसला होता. ‘तुम्ही राबता’ या शब्दांवर जिथे खसखस पिकायची, तिथे अख्ख्या थिएटरने ‘आणि ते घोरतात!’ अशी घोषणा दिली. बाहेर पडताना एका गृहस्थाने त्याचा हात घट्ट धरला. “डोळे उघडलेत आमचे! शेजारच्याचा मला आधीपासूनच संशय होता.”

“अहो, ती थट्टा आहे,” दिग्दर्शक म्हणाला.

“मोठी माणसं अशीच विनयाने बोलतात,” गृहस्थ भारावून म्हणाले.

घरी बायकोने विषय काढला. “अहो, लोकांना एकदा स्पष्ट सांगा ना, थट्टा होती म्हणून.”

“थट्टा समजावून सांगितली की मरते गं.”

“मग मरू दे की थट्टा! वरच्या भावजींकडे लोक कसे बघतात पाहिलंत का? घरात दुसरं माणूस नाही, म्हणजे लपवायला मोकळे, असं जिन्यात बोलतात.”

“रविवारी इमारतीत माझा सत्कार आहे. तिथे सांगतो,” तो म्हणाला, आणि सांगायचं असं त्याने खरोखरच मनाशी ठरवलं होतं.

रविवारी हार घालून झाल्यावर इमारतीच्या सचिवांनी माइक काही त्याच्याकडे दिला नाही. सत्कारमूर्तींच्या प्रेरणेने आपली इमारत घोरणेमुक्त करण्यात येत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. प्रत्येकासाठी घरच्या कुणीतरी चारचौघांत ‘हे घोरत नाहीत’ अशी ग्वाही द्यायची होती. ज्याला ग्वाही नाही, त्याने जागा सोडायची. सुरुवात अर्थातच सत्कारमूर्तींपासून.

बायको उठली. नवऱ्याकडे क्षणभर बघत राहिली, मग खणखणीत आवाजात म्हणाली, “आमचे हे अजिबात घोरत नाहीत.”

तिच्या त्या आवाजावरून दिग्दर्शकाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपण घोरतो.

टाळ्या थांबल्यावर संकलकाची पाळी आली. “यांच्यासाठी कोण बोलणार?” सचिवांनी विचारलं.

“हा बोलेल,” संकलक हसून मित्राकडे बोट दाखवत म्हणाला. “काम करता करता माझ्या खोलीत आम्ही दोघं कितीदा तरी तिथेच आडवे झालोय.”

सचिव गंभीर झाले. “त्या खोलीतून घोरण्याचा आवाज येतो, अशी खालच्यांची जुनी तक्रार आहे. म्हणजे दोघांपैकी एक घोरतो. सत्कारमूर्ती घोरत नाहीत, हे आत्ताच सिद्ध झालं.” ते दिग्दर्शकाकडे वळले. “तरी आपण सांगाल तो शब्द आम्ही प्रमाण मानू. हे घोरतात का?”

माइक अखेर दिग्दर्शकाच्या हातात आला. गळ्यातला हार मानेला टोचत होता. एक शब्द पुरे होता, फार तर दोन.

“मला काय माहीत?” तो म्हणाला. “मी तर झोपलेलो असतो!”

सभागृह खदाखदा हसलं. इतकं मनापासून त्याच्या सिनेमाला कधी कुणी हसलं नव्हतं. संकलकही सवयीने हसला, आणि हसता हसता थांबला. दिग्दर्शकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून त्याने वाकून नमस्कार केला.

संकलक जागा सोडून गेला. इमारत आता घोरणेमुक्त आहे, तसा फलकही फाटकावर लागला आहे. आवाज अजून येतो. पण तो शेजारच्या इमारतीतून येतो यावर सगळ्या रहिवाशांचं एकमत आहे, आणि सचिव तिथल्या लोकांशी बोलणार आहेत.

तुम्ही घोरत नाही, हे उघडच आहे. तरी घरी एकदा विचारून घ्या. फक्त दार लावून विचारा, आणि हळू आवाजात.