भोंग्याचा शेवटचा अल्बम

"हा अल्बम ऐकून लोकांच्या कानठळ्या बसल्या नाहीत, तर माझं नाव बदल!" भोंगा बायकोला म्हणाला.

दिवसा चष्म्याच्या दुकानात "हे अक्षर दिसतंय का?" असं हळुवार विचारणारा हा माणूस संध्याकाळी हार्डकोअर पंक बँडच्या माईकसमोर उभा राहिला, की दारात बोट चेमटल्यासारखा ओरडायचा! आता बँड बंद होणार होता. हा शेवटचा अल्बम.

अल्बम बाजारात आला, त्या दिवशी दोघं सोफ्यावर ऐकायला बसली. गिटार कडाडली, ड्रम धडाडले.

"आता येतो बघ मी!"

गाणं संपलं.

"पुढच्यात असशील," बायको म्हणाली.

पुढच्यातही नव्हता. अख्ख्या अल्बममध्ये नव्हता!

त्यानं रेकॉर्डिंगवाल्याला फोन लावला. "अरे, मी कुठाय?"

"घरी नाहीस?"

"अल्बममध्ये रे!"

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग बारीक आवाज आला, "अरे देवा! तुझ्या आवाजाचा ट्रॅक बंदच राहिला वाटतं."

भोंगा तोंड उघडणार, तोच फोनवर पहिलं परीक्षण येऊन थडकलं. 'शब्दांवाचून पेटलेला संताप! बँड अखेर वयात आला.' त्याखाली एका जुन्या चाहत्यानं लिहिलं होतं, 'गायक गेला का? कळवायचं तरी!' दुसऱ्यानं गायकाविना पूर्ण पैसे घेतले म्हणून बँडला चोर ठरवलं. मेहुणीचा फोन आला, "भावोजी, पहिल्यांदाच तुमचा अल्बम शेवटपर्यंत ऐकला हो!"

आनंद मानावा की गळा काढावा, भोंग्याला कळेना.

त्यानं गिटारवाल्याला विचारलं, "दुरुस्त करून टाकायचा ना?"

"टाकू की," गिटारवाला म्हणाला. "पण घाई काय आहे?"

दुसऱ्या दिवशी मुलाखत घ्यायला एक पत्रकार दुकानातच हजर! "गायकानं गप्प बसायचं, हे धाडस सुचलं कसं?"

खरं सांगायला भोंग्यानं तोंड उघडलं. पण गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती.

"फार मेहनत घ्यावी लागली," तो म्हणून गेला.

झालं! आता माघार घेणार कशी? निरोपाच्या कार्यक्रमाला हॉल तुडुंब भरला. अर्धे जण "गायक हवा!" म्हणून कोकलत होते, अर्धे त्यांना "श्शू!" करत होते. साउंडवाला स्टेजवर धावत आला.

"दादा, तुमचा माईक चालू ठेवू, की अल्बमसारखं?"

भोंग्यानं मोठ्या आशेनं मागे वळून बघितलं. बँडमधले त्याचे तिन्ही जिवलग मित्र एकदम खाली वाकून तारा जुळवायला लागले.

त्यातला एक ड्रमवाला होता!