नऊ नंबरचा स्लाइस

विज्ञान शिकवावं तर माझ्यासारखं, असं मी स्वतः कधी म्हणत नाही. पण दुसरं कुणी म्हणत असेल तर त्याला अडवतही नाही. गेली एकवीस वर्षं मी नववीला विज्ञान शिकवतोय आणि माझ्या वर्गाचा नियम एकच : पुस्तक मिटा, डोळे उघडा. आधी बघा, मग हात लावा, मग लिहा, आणि मी सांगतोय म्हणून काहीही खरं मानू नका! हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी पहिल्याच तासाला खडू हवेत नाचवत मोठ्या ऐटीत म्हणतो. आजवर एकाही वर्गाने ते मनावर घेतलं नव्हतं. यंदाच्या नववी ब ने घेतलं.

घरात मात्र माझ्या निरीक्षणशक्तीला काडीची किंमत नाही. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिच्या मते माझी नजर अगदी ठणठणीत आहे, फक्त ती वापरायची असते हे मला ठाऊक नाही. बाहेरच्या खोलीतले पडदे बदलल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही पाहुण्यांनी कौतुक केलं तेव्हा. ही गोष्ट घडली त्या सोमवारी सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली, "आजपासून तुमच्या डब्यात एक बदल केलाय. ओळखा बघू."

सोमवारी मी सांगितलं, मीठ कमी आहे. मंगळवारी म्हणालो, डबा नवीन घेतलास. डबा आमच्या लग्नातला होता. बुधवारी तिने विचारलं, "अहो, खाताना डब्यात बघता तरी का?" मी म्हणालो, मला वेळ कुठे आहे, माझी प्रयोगशाळा चालली आहे.

ती खरंच चालली होती. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, फायलींच्या कपाटांसाठी जागा हवी होती आणि त्यांचा डोळा माझ्या प्रयोगशाळेवर होता. खोली तशी काही फार मोठी नाही. दोन बेसिन, त्यातलं एक गळकं. बारा भिंगं. एक हात हरवलेला सांगाडा. टेबलांवर वीस-पंचवीस वर्षांच्या ॲसिडचे डाग. पण त्या खोलीवर माझा जीव आहे, उगाच कशाला लपवू? मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की शुक्रवारी तपासनीस साहेब येतायत. त्यांनी शेरेपुस्तकात प्रयोगशाळेबद्दल दोन बरे शब्द लिहिले तर खोली माझी, नाहीतर पुढच्या सोमवारी कपाटं आत आणि सांगाडा बाहेर.

म्हणून आदल्या शुक्रवारीच मी एक झकास प्रयोग सुरू करून ठेवला होता. शाळेतली सगळ्यात अस्वच्छ जागा कोणती? प्रश्न मुलांचा, शोधणार मुलं, उत्तरही मुलंच देणार. एकाच पाकिटातले ब्रेडचे दहा स्लाइस घेतले. नऊ स्लाइस नऊ जागांवर घासायचे आणि दहावा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. मग पाण्याचा शिपका मारून प्रत्येक स्लाइस वेगळ्या पारदर्शक पिशवीत बंद करायचा, दोरीवर चिमट्याने टांगायचा आणि आठवडाभर बुरशीची वाट बघायची. जागा मुलांनी निवडल्या : वर्गाची खिडकी, डस्टर, ग्रंथालयाचं टेबल, मुलांच्या शौचालयाची कडी, असं करत करत थेट मोठ्या बाईंचा टेलिफोन.

पिशव्यांवर फक्त नंबर टाकायचे, असं एका मुलीने सुचवलं. ही मुलगी माझ्या प्रत्येक वाक्यानंतर हात वर करून "पण का, सर?" विचारते, म्हणून स्टाफरूममध्ये तिचं नाव 'पणका' पडलंय. कुठला नंबर कुठल्या जागेचा याची यादी तिने पाकिटात घालून चिकटवली आणि चिकटवल्या जागेवर अख्ख्या वर्गाच्या सह्या घेतल्या. बघणाऱ्याला जागा माहीत असली की त्याला हवं तेच दिसतं, असं तिचं म्हणणं. तिच्या शेजारी बसणारा मुलगा खिशात कायम पट्टी बाळगतो आणि दिसेल ते मोजतो. आम्ही त्याला 'मोजपट्टी' म्हणतो. त्याने विचारलं, "म्हणजे सरांनाही कळणार नाही?"

"सरांना तर नाहीच," पणका म्हणाली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

फक्त एक नंबर मला ठाऊक होता. मोठ्या बाईंच्या खोलीत शिरायची मुलांची छाती झाली नाही, तेव्हा त्या मैदानावर गेल्याची संधी साधून तो स्लाइस मीच टेलिफोनवर घासून आणला होता. नंबर नऊ.

सोमवारपर्यंत काही झालं नाही. मंगळवारी ठिपके दिसू लागले. बुधवारी नऊ नंबरला लव फुटली आणि गुरुवारी तो स्लाइस राहिलाच नाही, नुसतं रान झालं. मध्ये हिरवं, कोपऱ्यात काळं, कडेला पांढरे केस. बाकीच्यांवर चार-दोन ठिपके. मुलं भिंगं घेऊन तासन्‌तास बघत होती, वह्यांमध्ये चित्रं काढत होती, मोजपट्टी प्रत्येक ठिपक्याची रुंदी लिहीत होता. आणि मला हळूहळू घाम फुटत होता.

गुरुवारी दुपारी मोठ्या बाई आल्या. मागे आमचे शिपाईमामा होते, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. बाई दोरीसमोरून चालत चालत नऊ नंबरपाशी थांबल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला.

"हा शौचालयाच्या कडीचाच असणार," त्या म्हणाल्या.

"बाई, मी रोज घासतो कडी," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"उद्या साहेबांसमोरच पाकीट उघडू. मग कळेल कोण काय घासतं ते."

एवढं बोलून बाई आपल्या खोलीत गेल्या आणि आपल्या शाळेत प्रयोग कसे जोरात चालतात ते साहेबांना फोनवर सांगू लागल्या. मला ते खिडकीतून दिसत होतं. रिसीव्हर त्यांनी गालाला चांगला घट्ट धरला होता.

माझी पाचावर धारण बसली. पाकीट उघडलं की मामा सुटणार, पण साहेबांच्या देखत बाईंची शोभा होणार आणि मग प्रयोगशाळेचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. त्या रात्री मला झोप लागली नाही असं नाही, पण नेहमीपेक्षा उशिरा लागली. सकाळपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की नऊ नंबर बदलायचा. एकवीस वर्षांत मी निष्कर्षाशी कधी खेळलो नव्हतो. पण एकवीस वर्षांत माझ्या सांगाड्याला कुणी बाहेरही काढलं नव्हतं!

शुक्रवारी पहिल्या तासानंतर मी प्रयोगशाळेत शिरलो. पडदे ओढले. बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून दिवाही लावला नाही. डबा उघडला, त्यात नेहमीचे लोणी लावलेले दोन स्लाइस होते. एक उचलला, पट्टीने लोणी खरवडलं, पाणी शिंपडलं, नव्या पिशवीत घातला, वर नऊ लिहिलं आणि दोरीला टांगला. जुन्या नऊ नंबरची पिशवी कुठे टाकावी ते सुचेना, म्हणून ती डब्यातच कोंबली. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं. नवा स्लाइस फारच स्वच्छ वाटत होता. इतर सगळ्यांवर थोडेतरी ठिपके आणि हा अगदी सोवळा. संशय यायचा. म्हणून वह्या तपासायचं हिरवं पेन काढून मी त्याच्यावर सात-आठ ठिपके दिले. खोटं कशाला बोलू, ठिपके देताना मला जरा मजाही आली. तेवढ्यात घंटा झाली. डबा स्टाफरूममधल्या फळीवर ठेवला आणि मी हात झटकत वर्गावर गेलो.

साहेब साडेअकराला आले. शांत, सडपातळ गृहस्थ. मोठ्या बाईंनी पडदे उघडायला लावले, खोलीत लख्ख ऊन आलं. नववी ब दोरीसमोर रांगेत उभी होती. मामा दाराशी उभे होते, शिक्षा ऐकायला आल्यासारखे. मी छाती काढून सांगितलं की आमच्याकडे मी काही शिकवत नाही, मुलंच शोधतात. साहेबांनी मान डोलावली आणि मुलांना विचारलं की आज काय दिसतंय.

पणका आणि मोजपट्टी यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मोजपट्टीने वही उघडली.

"नऊ नंबर काल चौदा मिलिमीटर जाड होता. आज अकरा आहे."

"वाळला असेल," मी म्हणालो.

"बाकीचे वाळले नाहीत, सर." त्याने पुढची ओळ वाचली. "काल बुरशीने पाऊण भाग व्यापला होता. आज आठ ठिपके आहेत आणि आठही एकाच मापाचे आहेत."

साहेब पुढे झाले. पणकाने त्यांच्या हातात भिंग दिलं आणि म्हणाली की बुरशीला बारीक केस असतात, या ठिपक्यांना नाहीत. मग तिने साहेबांची परवानगी घेऊन पिशवी उघडली आणि एका ठिपक्यावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडला. ठिपका विरघळला आणि हिरवा ओघळ खाली आला. मी छताकडे बघू लागलो. छताला एक तडा आहे, तो मी पहिल्यांदाच पाहिला.

"निष्कर्ष काय?" साहेबांनी विचारलं.

"निष्कर्षाची घाई करायची नाही असं सर सांगतात," पणका म्हणाली. "म्हणून नुसतं दिसतंय ते सांगते. सरांच्या अंगठ्याला हिरवी शाई आहे. सरांच्या पट्टीला लोणी आहे. पट्टीवर मुंगी आहे."

मी हात मागे लपवला. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. टाचणी पडली नाही, पण दार उघडलं आणि गणिताचे सर आत आले. आमचे हे सर मधल्या सुट्टीची वाट न बघता सगळ्यांच्या डब्यांची चव घेत हिंडतात, हे मला ठाऊक असूनही त्या घाईत आठवलं नव्हतं. त्यांच्या हातात माझा डबा होता. चेहरा पांढराफटक.

"वहिनींशी काही भांडण झालंय का?" त्यांनी हळूच मला विचारलं आणि नऊ नंबरची खरी पिशवी दोन बोटांत धरून वर केली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सरळ कबूल केलं की हो, मी बदलला. निदान इतकी बारकाईने बघणारी मुलं मी तयार केली, एवढं तरी साहेबांनी लक्षात घ्यावं, असंही घाईघाईने जोडलं. जाडी काय, ठिपके काय, केस काय, पट्टीवरची मुंगी काय!

मोजपट्टी जरा घुटमळला. "सर, ते सगळं आम्ही नंतर शोधलं," तो म्हणाला. "आधी लांबूनच दिसलं होतं. बाकीचे नऊ स्लाइस पांढरे आहेत. हा ब्राउन ब्रेड आहे."

मी बघितलं. खरंच की! भर उन्हात दोरीवर नऊ पांढरे आणि त्यांच्यात एक तपकिरी. दाराशी उभ्या असलेल्या मामांनाही तो दिसत होता. मागच्या बाकावरच्या, चष्मा घरी विसरलेल्या मुलालाही दिसत होता. मोठ्या बाई हसायचं नाही असं ठरवून ओठ दाबून उभ्या होत्या.

पण त्यांचं ते हसू फार टिकलं नाही. साहेबांनी पाकीट मागवलं, सह्या तपासल्या आणि यादी मोठ्याने वाचली. चार नंबर, ज्याच्यावर सगळ्यात कमी, जेमतेम दोन ठिपके होते, ती शौचालयाची कडी निघाली. मामांनी खांदे ताठ केले आणि किल्ल्यांचा जुडगा उगाचच एकदा वाजवला. मग साहेबांनी नऊ नंबर वाचला. मोठ्या बाईंचा हात आपोआप गालाकडे गेला. मग त्या दाराकडे वळून म्हणाल्या, "मामा, चुकलं माझं," आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

साहेबांनी शेरेपुस्तक मागितलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'विद्यार्थ्यांची निरीक्षणशक्ती उत्तम. प्रयोगशाळा आहे तिथेच राहावी. विज्ञान शिक्षकांवर लक्ष ठेवणे जरूर आहे. ते काम नववी ब करत आहेच.' खाली सही, तारीख. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना जाताना टेलिफोन करायचा होता, तो त्यांनी रस्त्यावर जाऊन करायचं ठरवलं.

कपाटं आता जिन्याखाली ठेवली आहेत. सांगाडा जागच्या जागी आहे. मोठ्या बाईंचा टेलिफोन रोज सकाळी पुसायचं काम शाळेने एका जबाबदार माणसाकडे सोपवलंय. मामांनी साफ नकार दिला, त्यामुळे तो जबाबदार माणूस मी.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि खुर्चीत बसून बायकोला म्हणालो, "डब्यातला बदल सापडला. ब्राउन ब्रेड."

तिने हातातलं काम खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं, अंगठ्याकडे जरा जास्तच वेळ.

"शोधलं कुणी?" तिने विचारलं.

"नववी ब," मी म्हणालो.