चौदा नंबरचा क्रेट

बाईंना जाऊन पाच दिवस झाले होते आणि दारात त्यांच्या नावाचा भाजीचा क्रेट येऊन पडला होता. तो आणणाऱ्या शेतावरच्या ताई पायरीवर उभ्या राहून विचारत होत्या, "बाई कुठायत?"

पट्टीसाहेबांनी तोंड उघडलं. "ती गेली" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पाच दिवसांत ते शंभरेक जणांना म्हणून झाले होते. पण क्रेटवर चिकटवलेल्या कागदावर 'चौदा नंबर, बाई' असं लिहिलेलं त्यांना दिसलं आणि तोंडून निघालं, "आंघोळीला गेलीय."

झालं. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू लागतो, तसं सगळं सुरू झालं.

पट्टीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. बांधकाम खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले आणि पट्टीशिवाय एक रेघ मारली नाही, म्हणून कचेरीने ठेवलेलं ते नाव. बाई, म्हणजे त्यांची बायको, मुख्याध्यापिका होत्या. शाळेतही आणि घरातही. सेंद्रिय भाजीचा हा क्रेट त्यांनीच शोधून काढला होता, तोही दोन वर्षं खपून. पहिल्या सेंद्रियवाल्याची गाजरं पाण्यात टाकली, तर पाणी केशरी झालं. दुसऱ्याच्या टेंपोचा त्यांनी स्कूटरवरून पाठलाग केला, तेव्हा तो 'आमच्या शेतातला' कोबी मंडईच्या मागच्या दाराने विकत घेताना सापडला. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे ताईंच्या शेतावर, बाईंनी स्वतः माती उकरली, गांडूळ निघालं, आणि मगच सही केली.

तिथला नियम सोपा होता. जमीन थोडी, म्हणून क्रेट चाळीसच. सभासदत्व माणसाच्या नावावर, घराच्या नाही. सभासद गेला की क्रेट यादीतल्या पुढच्या माणसाला. दर गुरुवारी भरलेला क्रेट यायचा आणि मागचा रिकामा क्रेट शेऱ्याच्या चिठ्ठीसकट परत जायचा.

म्हणजे खरं बोललं की क्रेट बंद. पट्टीसाहेबांचं भाजीवर प्रेम होतं असं मुळीच नाही. पण बँक, गॅस, वाचनालय, सगळीकडून बाईंचं नाव कमी करायचे अर्ज त्यांनी आपल्याच हाताने भरले होते. बाई अजून आहेत असं मानणारा जगात हा एकच कागद उरला होता. तो जायला नको होता, बस.

ते टेबलाशी बसले. बाईंची जुनी चिठ्ठी समोर ठेवून त्यांनी अक्षर उतरवलं, वेलांटीचा बाक आणि कान्याची लांबी मोजून. मग लिहिलं, 'भाजी छान होती. बीट विशेष आवडलं. आभारी आहे.' बीट त्यांना जन्मात आवडलं नव्हतं. पण कौतुक करायचं तर ज्याचं कोणी करत नाही त्याचं करावं, असा स्वभाव.

पुढच्या गुरुवारी बीट दुप्पट आलं.

"बाईंना आवडलं ना, म्हणून," ताई म्हणाल्या. "आहेत का?"

"झोपलीय."

त्यांनी पुन्हा आभार मानले. बीट तिप्पट झालं. मग बाई बहिणीकडे गेल्या, डोळे तपासायला गेल्या, पुन्हा आंघोळीला गेल्या.

"हल्ली फार आंघोळ करतात हो बाई," ताई म्हणाल्या.

बाईंच्या घरात अन्न टाकायची सोय नव्हती, त्या गेल्यावरही. आणि पट्टीसाहेबांना येत होतं फक्त उकडणं. ते दोन्ही वेळा उकडलेलं बीट खात, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. चौथ्या महिन्यात लेक आली, तेव्हा बापाची बोटं, ओठ आणि बनियनची पुढची बाजू लाल होती. ती दारातच किंचाळली.

"बीट आहे," ते म्हणाले. "रक्त नाही."

लेकीने खोदून खोदून सगळी हकिकत काढून घेतली. "बाबा, आईला जाऊन चार महिने झाले!"

"हळू बोल. आज गुरुवार आहे. त्यात वर्षाची सही आहे, सभासदाने समक्ष करायची." त्यांनी आवाज खाली आणला. "तू आईच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पड. तिची शाल घे. ताई दारातून बघतील. तू नुसती खोक, सही मी आत नेऊन करतो."

"तुम्हाला वेड लागलंय."

"लागलं असेल. पण आधी आडवी हो."

बापाने उभ्या जन्मात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. ती आडवी झाली.

घंटा वाजली. "आज बाई भेटल्याशिवाय जायची नाही," म्हणत ताई वही घेऊन थेट आत आल्या.

"तापाने पडलीय," पट्टीसाहेब खोलीच्या दारात आडवे उभे राहिले.

लेकीने खोकायचं होतं. पण शालीला आईच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. चार महिने नोकरी, घर, फोनवरून बाबांच्या औषधांची आठवण यांत तिला रडायला सवड मिळाली नव्हती. ती आत्ता मिळाली. पलंग गदगदा हलायला लागला.

"ताप डोक्यात गेलाय," पट्टीसाहेब म्हणाले.

ताई त्यांना बाजूला सारून आत गेल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "रड पोरी. तुझी आई असती, तर एव्हाना बीटवरून माझी खरडपट्टी निघाली असती."

पट्टीसाहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. "तुम्हाला... केव्हापासून?"

"पहिल्या चिठ्ठीपासून. अक्षर हुबेहूब हो, वादच नाही. पण तीन वर्षांत बाईंनी एकदाही 'छान' लिहिलं नाही. 'मुळा पोकळ.' 'काकडी कडू, स्वतः खाऊन पाहा.' आणि एकदम आभार? मी घरी यांना म्हटलं, बाई गेल्या."

"मग बीट कशाला वाढवलंत?"

"म्हटलं, कंटाळून तरी खरं बोलाल. पण तुमचा दम दांडगा! सभासद गेला, हे घरच्यांनीच सांगायचं असतं, साहेब. नियम आहे. बाईंनीच करायला लावलेला."

पट्टीसाहेबांनी पडलेलं पेन उचललं. "ती गेली," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज फाटला. "द्या क्रेट पुढच्याला."

ताईंनी वहीचं मागचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. यादीत पहिलं नाव वर्षापूर्वी चढलेलं होतं, डॉक्टरांनी पहिल्यांदा मान हलवली त्याच आठवड्यात. अक्षर बाईंचं होतं, खरं. 'चौदा नंबर, आमचे हे.' पुढे शेरा: 'काहीही दिलं तरी छान म्हणतील, म्हणून किडकं देऊ नये. बीट आवडत नाही. सांगायचे नाहीत.'

पट्टीसाहेबांनी तो तीनदा वाचला. लेक शाल गुंडाळून त्यांच्या खांद्यावरून वाचत होती आणि रडता रडता हसत होती. त्यांनी चष्मा पुसला, त्या नोंदीपुढे सही केली. मग ताईंनी पुढे केलेली शेऱ्याची चिठ्ठी घेतली आणि पहिल्यांदाच आपल्या अक्षरात लिहिलं, 'बीट पुरे.'

सवयीने खाली 'आभारी आहे' असंही लिहून गेले. मग लेकीकडून पट्टी मागून घेतली आणि ते दोन शब्द सरळ रेघेत खोडले.