पहिल्या फटक्यात पास

"ट्रक चालवायला अक्कल लागत नाही, शिस्त लागते!" नामंजूररावांनी कप टेबलावर आपटत जाहीर केलं. "आणि शिस्त माझ्या रक्तात आहे!"

हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. विमा कंपनीत वीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. ठोकलेल्या गाड्यांचे कागद वाचायचे, चूक ड्रायव्हरची कशी ते शोधून काढायचं आणि वर 'नामंजूर' असा शिक्का हाणायचा. इतक्या इमानाने शिक्के हाणले, की ऑफिसने नावच पाडलं. मग एक दिवस कंपनीने संगणक आणला आणि तो हेच काम चहा न पिता करायला लागला. मोठ्या साहेबांनी नामंजूररावांच्या पाठीवर हात ठेवला, "तुमच्यासारखी माणसं हल्ली मिळत नाहीत" म्हणाले आणि त्यांना घरी पाठवलं. मिळत नाहीत म्हणे! मिळालेली ठेवून घेत नाहीत, त्याचं काय?

तेव्हापासून घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, शिवण बंद करा, नाहीतर नजर जाईल." ती मान हलवून घरी आली आणि पुन्हा मशीनवर बसली. न बसून काय करते? पंचेचाळिशी उलटलेल्या कारकुनाला कुठलंच ऑफिस दारात उभं करत नव्हतं. ट्रकवाल्यांना मात्र ड्रायव्हर मिळता मिळत नव्हते. नामंजूररावांना तिच्या लाल डोळ्यांकडे बघवत नसे, म्हणून ते भिंतीकडे बघून बढाया मारत.

"अहो, पण तुम्हाला साधी सायकल स्टँडला लावता येत नाही," बायको म्हणाली.

"ड्रायव्हरांच्या सगळ्या चुका मी वाचल्यात! आता माझ्याकडून व्हायला एकही चूक शिल्लक नाही!"

शिकवायला मिळाले एक जुने उस्ताद. त्यांच्या ट्रकचे आरसे इतके हलायचे, की त्यात मागचा रस्ता सोडून सगळं दिसायचं.

"आरशाच्या नादी लागू नका," उस्ताद म्हणाले. "मागे माणूस उभा असतो ना, तो बॉडीवर थापा मारतो. दोन थापा, येऊ द्या. एक थाप, थांबा. संपलं. त्याच्यापुढे डोकं चालवायचं नाही."

डोकं चालवायचं नाही म्हटल्यावर नामंजूरराव खूश! वीस वर्षं पगार त्याचाच तर घेतला होता. त्यांनी घरीसुद्धा सराव सुरू केला. ते खुर्चीवर बसून ताट फिरवायचे आणि बायको मशीनवरून उठून कपाटावर थापा मारायची. दोन थापा, की खुर्ची मागे. एक थाप, की ब्रेक. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, "भांडण आहे की सुतारकाम?"

परीक्षेच्या दिवशी मैदानात ऊन मी म्हणत होतं. परीक्षक साहेब टोपी घालून उभे होते. हे साहेब म्हणजे प्रसिद्ध माणूस. पहिल्या खेपेला त्यांनी कुणालाही पास केल्याचं ऐकिवात नव्हतं. मैदानाच्या टोकाला एकुलतं एक झाड होतं आणि त्याच्या सावलीत साहेबांची स्वतःची नवीकोरी गाडी उभी होती. मैदानात खासगी वाहन लावू नये, अशी पाटी त्याच झाडावर ठोकलेली होती. खाली सही साहेबांचीच.

सरळ जाणं झालं. वळणं झाली. आता ट्रक मागे घेऊन मैदानात मांडलेल्या पिंपांच्या मधोमध उभा करायचा होता.

"मागे माणूस उभा करायचा नाही," साहेबांनी बजावलं. "एकट्याने घ्या!"

नामंजूररावांनी सवयीने मागे वळून पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. तरी त्यांनी गिअर टाकला. ट्रक पिंपांच्या दिशेने निघाला, पिंपांच्या बाजूने गेला आणि झाडाकडे वळला. इंजिनाच्या गोंगाटात बाहेरचं अक्षर ऐकू येत नव्हतं. इतक्यात मागून थापा आल्या. धप धप! पुन्हा, धप धप! धप धप!

"दोन थापा!" नामंजूररावांना भरून आलं. "लोक साहेबांना उगाच नावं ठेवतात. स्वतः उन्हात मागे जाऊन वाट दाखवतायत बिचारे!"

त्यांनी ट्रक येऊ दिला. धपधपधपधप! थापांचा नुसता पाऊस! एवढं प्रोत्साहन देणारा वरिष्ठ त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी आणखी जोर दिला. कर्रर्र करून काहीतरी चेपलं. मग एकच थाप आली, जड आणि सावकाश. नामंजूररावांनी तत्क्षणी ब्रेक मारला. ते उतरून मागे गेले, तर साहेबांनी ट्रकच्या बॉडीवर कपाळ टेकवलं होतं. शेवटची थाप त्या कपाळाची होती.

"थांबा, थांबा म्हणून हात मोडेपर्यंत बडवतोय मी!" साहेब ओरडले.

"पण साहेब, तुम्ही दोन दोन मारत होतात! थांबायची एकच असते!"

"असं कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत असतं, साहेब. तुम्ही तर परीक्षक."

साहेबांनी चेपलेल्या गाडीकडे बघितलं. मग झाडावरच्या पाटीकडे बघितलं. मग आजूबाजूला. नापास करायचं, तर कारण लिहावं लागणार. कारण लिहायचं, तर गाडी तिथे कशी आली ते लिहावं लागणार.

"पास!" साहेब दातओठ खात म्हणाले. "आणि इथे काही झालेलं नाही!"

घरी बायकोने आनंदाने मशीन बंद केलं. नामंजूरराव मात्र ताटासमोर हिशोब घालत बसले. वीस वर्षं काम चोख केलं, तर घरी बसवलं. एकदा दुसऱ्याची गाडी चेपली, तर परवाना मिळाला! कुठे दाद मागायची याची?

दुसऱ्या दिवशी ते नोकरी मागायला एका ट्रकमालकाकडे गेले. मालकाने परवाना उलटासुलटा करून पाहिला.

"त्या साहेबांच्या हातून पहिल्या खेपेला पास? वशिला कुणाचा?"

"वशिला नाही हो."

"वशिलेवाले असंच म्हणतात. मग काय केलंत?"

खरं सांगावं, तर कोण ट्रक देणार? नामंजूरराव गप्प बसले. त्या गप्प बसण्यावरच मालक फिदा झाला.

"हे बघा, ट्रक चालवणारे माझ्याकडे आहेत. साहेब त्यांना पास करत नाहीत, हे दुखणं आहे. तुम्ही आमच्या माणसांना तिथे घेऊन जायचं. पगार ड्रायव्हरपेक्षा जास्त देतो."

नामंजूररावांना तिथून उठून जावंसं वाटलं. मनापासून वाटलं. पण बायकोचे डोळे काही त्यांच्या स्वाभिमानाने बरे होणार नव्हते. ते हो म्हणाले.

सकाळी तीन कसलेले ड्रायव्हर घेऊन ते मैदानात शिरले. साहेबांनी त्यांना लांबूनच पाहिलं आणि आधी धावत जाऊन आपली गाडी फाटकाबाहेर काढली. मग परत येऊन, ट्रक वीतभरही मागे घ्यायला न लावता, तिघांनाही पास करून टाकलं!

बाहेर आल्यावर तिघांतला वयाने मोठा ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साहेब, तीनदा नापास झालो होतो हो. तुमचा दरारा मोठा! तुमच्याकडे परवाना आहे, तर तुम्ही स्वतः का नाही चालवत?"

"मला ट्रक मागे घेता येत नाही," नामंजूरराव म्हणाले.

तिघेही पोट धरून हसले. साहेब माणूस आणि काय गंमत करतो! नामंजूररावही हसले. काय करणार, आता नोकरीच ती होती!