पुस्तक जमा, गोष्ट बाकी

“पुस्तक आनलं, ते पाह्यलं मी. गोष्ट कोठी हाये?”

नोकरीचा पहिला दिवस होता. नेमणुकीचं पत्र हातात घेऊन मी वाचनालयाच्या दारातच थबकले. काउंटरच्या अलीकडे खत-बियाण्यांचे एक दुकानदार उभे होते. त्यांचं वाचक कार्ड टेबलावर होतं आणि त्या कार्डावर एक रुंद पंजा पसरलेला होता. पंजा शेषरावकाकांचा.

“काका, दुकान उघडं टाकून आलो ना.”

“मंग लवकर सांग.”

“एक कुटुंब असते. शेवटी सारे मरतात.”

“एकदम?”

“नाई, एकामागं एक.”

“काऊन पन? साथ आली होती का?”

दुकानदारांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पंजाकडे पाहिलं आणि शेवटी स्टूल ओढून बसले. मोठ्या भावापासून सुरुवात झाली. कुटुंबातला शेवटचा माणूस जाईपर्यंत मी पत्र धरून उभीच होते. मग पंजा उचलला गेला.

“हां. आता झालं पुस्तक जमा.”

चिखलीच्या आमच्या वाचनालयाचे हे ग्रंथपाल. बुटके, अंगावर धुवट सफारी, खिशात चष्मा. चष्मा इतका स्वच्छ, की तो कधी वापरला जातो की नाही अशी मला शंका यायची. वाचक पुस्तक परत करायला आला की काका त्याच्या कार्डावर हात ठेवत, आणि गोष्ट सांगून झाल्याशिवाय तो हात हलत नसे. हा नियम कुठल्याही नियमावलीत नव्हता, पण गावात तो सगळ्यांना पाठ होता. स्पर्धा परीक्षेची मुलंही सुटत नसत.

“काका, हे सामान्य ज्ञान आहे. याच्यात गोष्ट नसते.”

“मंग एक ज्ञान सांग अन् जा.”

मी आले होते वाचनालयाचं संगणकीकरण करायला. म्हणजे जुन्या दाखलनोंदी संगणकात भरायच्या, पुस्तकांवर बारकोड चिकटवायचे, कपाटं नव्याने लावायची. माझी शाळा खामगावला, इंग्रजी माध्यमातली. मराठी घरात बोलायची आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर वाचायची. काका दाखल क्रमांक मोठ्याने सांगत तेव्हा एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत मी अजून गोंधळत असे आणि खोकल्याचं निमित्त करून पुस्तकावरचा आकडा बघून घेत असे. माणसांपेक्षा मला स्क्रीन बरा वाटतो. स्क्रीन समोरून “बोल ना” म्हणत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी एक कथासंग्रह नेला आणि परत आणला. पंजा आला.

“सांग.”

मी पुष्कळ विचार करून म्हटलं, “छान होतं.”

“छान त पोहे बी असतात.”

रांगेतले सगळे हसले. माझे कान तापले. त्यानंतर मी वाचलेली पुस्तकं स्वतःच नोंदवून गुपचूप कपाटात ठेवायला लागले. किल्ल्या माझ्याकडे होत्या. काकांना ते कळत होतं.  मी कपाटाकडे जाताना ते टेबलावर बोटं वाजवत.

त्यांचा खरा शब्द “मंग?” हा होता. हा एकच शब्द ते किती परींनी म्हणत! नायिका माहेर सोडून निघाली की हलका, काळजीचा “मंग?” खलनायकाला सुगावा लागला की टेबलावर थाप मारून “मंग??” आणि नायक तिला न भेटताच गावाला गेला, की नुसता श्वास आत ओढून, जवळजवळ न ऐकू येणारा. त्या श्वासासमोर अर्धवट वाचलेल्या माणसालाही पुढचं सुचायचं.

सुचण्यात अव्वल नंबर नामदेव डायव्हरचा. हे एसटीवर होते. मुक्कामी गाडी असली की जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेऊन जात. तिचा उपयोग ते उशीसारखा करतात हे काका सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. पुस्तकांना खोबरेल तेलाचा वास यायचा. गोष्ट ते परत येताना स्टिअरिंगवर तयार करत असावेत.

“सरदार मोहिमेवर निघाला, काका. उंद्रीपर्यंत घोडा मस्त. पुढं घाटात चढ लागला अन् घोडा गरम झाला.”

“मंग?”

“उतरून पाहाते त मागचा उजवा पाय गेलेला. आता काय करता? सारी फौज उतरली, निंबाखाली बसली. कोनी चहाले गेले.”

“अन् दुश्मन?”

“दुश्मन मागून येऊन राह्यला होता. पन तेवढ्यात दुसरा घोडा आला. साऱ्यायले त्याच्यात बसवून देल्लं.”

“वा!” काका म्हणाले आणि कार्ड सोडलं. मी बारकोडच्या मशीनमागे तोंड लपवलं.

बारकोड लावताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. जुन्या कादंबऱ्यांच्या पानांमध्ये, शिवणीजवळ, पांढरी भुकटी साचलेली होती. एक-दोन नाही, कपाटंच्या कपाटं. पुस्तकांची निगा हा माझ्या अभ्यासक्रमातला विषय. मी ब्रश घेऊन बसले.

काका लगबगीने आले. “काय करून राह्यली?”

“साफ करतेय. यानं कीड लागते.”

“ज्वारीचं पीठ हाये ते. राहू दे.”

“पण काका, पीठ...”

“इतके वर्सं नाई लागली कीड. राहू दे म्हनलं ना, बाई.”

एवढ्या मऊ आवाजात त्यांनी मला कधी अडवलं नव्हतं. मी ब्रश ठेवून दिला.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पुस्तकासाठी एक रकाना होता: आशय, दोन ओळींत. दाराशी एक स्क्रीन बसणार, वाचकाने पुस्तकाचं नाव टाकलं की आशय दिसणार. एवढी पुस्तकं वाचणार कोण? आमचे सचिव साहेब उत्साही माणूस. म्हणाले, “शेषरावले इचारा ना. त्याले साऱ्या गोष्टी तोंडपाठ हायेत.”

ते दिवस फार मजेचे गेले. काका खुर्चीत मागे रेलून डोळे मिटत, मी पुस्तकाचं नाव वाचे, आणि ते सांगत. दोन ओळींत त्यांचं भागत नसे. “लिही, पोरगी शिकलेली हाये पन स्वभावानं तापट.” मी टाइप करे. “लिही, सासू वाईट नाई, तिले समजून नाई घेतलं कोनी.” कधी कधी मीच न कळत त्यांच्याकडे वळून बघे. “मग?” माझ्या तोंडून निघता निघता राही.

एका संध्याकाळी मी ती सरदाराची कादंबरी घरी नेली. काकांनी सांगितलेला घोडा मला आवडला होता. बोट ठेवून ठेवून, ओठ हलवत, बऱ्याच दिवसांत मी ती वाचून संपवली. डायव्हरने थोडा मसाला लावला असेल असं वाटलं होतं, पण घोडा कुठेच लंगडला नाही. घाट नव्हता, निंब नव्हता, चहा तर नव्हताच. मग मी दुसरी उघडली, तिसरी उघडली. एका कादंबरीत आमच्या नोंदीप्रमाणे नायिका पिठाची गिरणी टाकून सुखी होते. पुस्तकात ती विसाव्या पानानंतर येतच नाही. आमच्या नव्याकोऱ्या संगणकात चिखलीकरांनी वेळ मारून नेण्यासाठी रचलेलं एक वेगळंच साहित्य भरलं होतं, आणि ते मी स्वतःच्या हातांनी टाइप केलं होतं.

त्यातच सचिव साहेबांनी नवी सुधारणा जाहीर केली. काउंटरवर रांग लागते, लोक तक्रार करतात. म्हणून दाराशी परतीची पेटी. पुस्तक टाका आणि चालू लागा. पेटी वेल्डिंगवाल्याकडे करायला टाकली होती. काका बैठकीत सगळं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “म्हंजे मले कोनी काई सांगनार नाई?”

“तुमचा त्रास वाचला, शेषराव.”

काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत खिशात ठेवला.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. नोंदी चुकीच्या आहेत हे मला सांगायचं होतं. वाक्य रस्ताभर घोकत होते: काका, तुम्हाला लोकांनी जे सांगितलं ते पुस्तकांत नाहीये. दार उघडंच होतं. काका दूध आणायला गेले होते. आत काकू लसूण सोलत बसल्या होत्या, बोटांनी चाचपून. त्यांची नजर माझ्या जरा बाजूला लागली होती.

“कॉम्प्युटरवाली ना तू? पावलं कशी चोरून टाकते. हे सांगतात तशीच हायेस.”

मी बसले. घोकलेलं वाक्य काकांसाठी होतं. ते मी काकूंनाच सांगून टाकलं, अगदी हळू आवाजात.

काकू हसायलाच लागल्या. लसूण सुपात ठेवून हसल्या.

“त्या सरदाराचा घोडा नाई लंगडत, मालूम हाये मले. दोनदा वाचलं हाये मी ते पुस्तक. एकदा माह्यासाठी, अन् एकदा यायले सांगाले.”

मग त्यांनी सांगितलं. वाचनालयातलं प्रत्येक नवं पुस्तक काका आधी घरी आणत. काकू पिठाच्या डब्याला टेकवून ते उघडं ठेवत आणि भाकरी थापता थापता वाचत. पान उलटायचं तर पिठाच्याच हाताने. जेवायला बसलं की काकांना सगळी गोष्ट सांगत.

“यायले वाचता येते चांगलं. पन धीर नाई. पहिल्याच पानावर म्हनतात, मंग? आता पान थोडीच बोलते?”

काचबिंदूने डोळे गेले आणि पुस्तकं घरी येणं थांबलं. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी काउंटरवरून एक गोष्ट आणतात. भाकरी ते थापतात, वेड्यावाकड्या, आणि थापता थापता सांगतात.

“पण त्या चुकीच्या असतात,” मी म्हटलं.

“हाव ना. पुस्तकातल्या हे कवाच इसरले, मले त पाठ हायेत. ह्या नव्या असतात.” काकू पुढे झुकल्या. “तो डायव्हर लय भारी हाये. पन यायले सांगू नको, माय. घोडा लंगडला म्हनतात तवा आवाज असा खाली येते यायचा, जसं काई हेच फौजेत होते.”

तेवढ्यात काका दूध घेऊन आले. “काऊन आली होती?”

“असंच,” मी म्हटलं.

सोमवारी मी संगणक उघडला. आशयाच्या रकान्यातला घोडा काढला आणि तिथे खरी गोष्ट लिहिली. मी वाचून काढलेल्या प्रत्येक पुस्तकाचं तेच केलं. काकांनी सांगितलेलं पुसलं मात्र नाही. खाली ‘शेरा’ नावाचा एक रकाना रिकामाच असतो. तिथे ते जसंच्या तसं ठेवलं, वर लिहिलं: वाचकांकडून ऐकलेली गोष्ट. आता दाराच्या स्क्रीनवर लोक आशय वगळून शेराच आधी वाचतात. सचिव साहेबही.

पेटी आली. हिरवी, भक्कम, वर पांढऱ्या अक्षरांत नाव. वेल्डिंगवाल्याने माप म्हणून वाचनालयाचा पातळसा वार्षिक अहवाल घेतला होता, त्यामुळे फट तेवढीच रुंद. तरी बारीक पुस्तकं पडायला लागली. धप्. धप्. माणसं दारातूनच काकांना हात करून जाऊ लागली. खतवाले दुकानदार तर गाडीवरून उतरलेही नाहीत. मागे बसलेल्या मुलाला म्हणाले, टाक.

प्रत्येक धप् झालं की काका मान वर करत.

दुपारी नामदेव डायव्हर आले. बगलेत तीच सरदाराची कादंबरी. पुन्हा नेली होती, उशीला बरी पडत असावी. त्यांनी ती फटीत आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, शेवटी पेटीच्या डोक्यावर ठेवली.

“काका, गाडी लागली हाये. जातो.”

“अरे, पन मंग?”

डायव्हर रस्ता ओलांडून गेले होते. काका दाराकडे बघत राहिले. मग टेबल आवरायला लागले. आवरण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी शिक्क्याचं पॅड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाच वाजत आले होते. बाहेर चहावाल्याने भांडी विसळायला घेतली होती.

“आज काय नेऊ घरी?” ते पॅडला म्हणाले. मला नव्हे.

मी उठले. पेटीवरची कादंबरी घेतली. तेलाचा वास अजून ताजा होता. माझ्या टेबलाला वळसा घालून काउंटरच्या पलीकडे गेले, जिथे वाचक उभे राहतात. पोह्यांच्या त्या दिवसानंतर तिथून मी काकांना पाहिलंच नव्हतं. पुस्तक ठेवलं, शेजारी माझं कार्ड ठेवलं. तेही त्या दिवसानंतर काउंटरवर आलं नव्हतं.

काकांनी कार्ड उलटून पाहिलं, परत ठेवलं. मग पंजा आला.

“सांग.”

 रांग नव्हती, हसायला कोणी नव्हतं, तरी कान तापले. मी सांगायला लागले: सरदार कोण, कुठला, निघताना बायको दारात कशी उभी होती. हे सगळं पुस्तकातलं, खरं. आवाज आधी कापत होता, मग कापायचा राहिला. मोहीम निघाली. फौज उंद्रीपर्यंत आली. आता पुस्तकातला रस्ता एकीकडे जात होता आणि डायव्हरचा दुसरीकडे.

काकांनी श्वास आत ओढला. जवळजवळ ऐकू न येणारा.

“मंग?”

“मंग काय, काका,” मी म्हटलं, “घाटात घोडा लंगडला.”