शंभर टक्के मान्य

दाखले देणाऱ्या आमच्या कार्यालयात सर्वांच्या फाइली सर्वांना मिळाव्यात, या उदात्त हेतूने सर्व्हर बसवण्यात आला. तोवर फाइल हवी असेल तर उठून शेजारच्या टेबलापर्यंत जावं लागे, आणि त्यात नाहक माणसाशी बोलणं होई.

काम संगणकबाईंकडे आलं. त्यांनी सामायिक फोल्डर उघडले, प्रत्येकाला पासवर्ड दिला आणि सर्वांच्या पडद्यावर सूचना झळकवायची सोय केली. साहेबांना फोल्डरपेक्षा सूचनाच जास्त आवडल्या.

"पण मॅडम, वाचल्याचा पुरावा काय?"

म्हणून सूचनेखाली बटण आलं : 'वाचले, समजले, मान्य आहे.' ते दाबल्याशिवाय फाइल उघडेना.

पहिली सूचना पासवर्ड जपण्याविषयी होती. मग कप विसळण्याविषयी, मग कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीविषयी, मग साहेबांचा रोजचा सुविचार. शेवटी, सूचना फार होत असल्याबद्दल दिलगिरीची सूचना आली. लोकांनी तीही मान्य केली. खिडकीवरच्या काकू तर समोरच्या माणसाशी बोलता बोलता, पडद्याकडे न बघता बटण दाबत. त्या लवकरच निवृत्त होऊन लेकीच्या बाळंतपणाला जायच्या होत्या.

अशात सर्व्हरची डिस्क करकरू लागली. राखीव डिस्कची मागणी बाईंनी केव्हाच सूचनेने कळवली होती. साहेबांनी बटण दाबून ती मान्यही केली होती. डिस्क तेवढी आली नव्हती. बाईंनी घाईने लिहिलं : 'डिस्क कधीही बंद पडेल. आपापल्या फाइली आजच काढून घ्या.'

साहेब दचकले. "बंद पडेल? कार्यालयाची प्रतिमा काय राहील?"

त्यांनी मसुदा सुधारला : 'साठवण-उपकरणाच्या नियोजित कार्यकालपूर्तीच्या अनुषंगाने वापरकर्त्यांनी यथोचित पूर्वोपाय करावेत, अन्यथा संबंधित फाइली नकोशा आहेत, असे गृहीत धरले जाईल.'

दुपारपर्यंत सर्वांनी मान्य केलं. शंभर टक्के प्रतिसादाबद्दल साहेबांनी वर अहवाल पाठवला. त्याच आठवड्यात डिस्कने मान टाकली.

काकूंची सेवेची फाइल त्यातच होती.

"निवृत्त व्हायला आधी नोकरीला लागलेलं असावं लागतं," साहेब शांतपणे म्हणाले. "तुमची तशी नोंद नाही."

"मग इतकी वर्षं त्या खिडकीत कोण बसलं होतं?"

"तो तर जास्तच गंभीर मुद्दा आहे. अनधिकृत व्यक्ती खिडकीत बसली कशी, याची चौकशी होईल. तोवर तुम्ही खिडकी सोडायची नाही."

लेकीचा फोन आला, "आई, कधी निघतेस?" बाळ झालं ते काकूंनी फोनवर पाहिलं, तेही जेवणाच्या सुट्टीत.

त्या दिवशी त्यांनी संगणकबाईंना गाठलं. "अगं, तुझं टेबल माझ्या टेबलाला लागून. तोंडाने सांगितलं असतंस तर?"

बाईंनी मान खाली घातली. "सांगणारच होते, काकू. पण साहेब म्हणाले, तोंडी सूचनेला पुरावा नसतो."

नवा सर्व्हर आला तेव्हा काकूंनी मनाशी ठरवलं : यापुढे अक्षरन् अक्षर वाचायचं. सकाळीच पडद्यावर भलीमोठी सूचना उमटली. काकूंनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचायला लागल्या. अवघड शब्द आला की त्या थांबत आणि संगणकबाईंना अर्थ विचारत. बाईही खुर्ची सरकवून समजावत होत्या. कार्यालयात प्रथमच एक सूचना कुणालातरी समजत होती.

खिडकीबाहेरची रांग चुळबुळायला लागली. कुणाला जन्माचा दाखला हवा होता, कुणाला लग्नाचा.

"अहो काकू, ते काय वाचत बसलात?" तुमच्या-आमच्यासारख्या एका सभ्य माणसाने काचेवर टकटक केली. "मान्य करून टाका आणि आमचं बघा!"

सगळ्या रांगेने त्याला दुजोरा दिला. काकूंनी बोट उचललं आणि बटण दाबलं.